बकऱ्या बांधायचे दिवस

फनेसी गेली तेव्हा तूर शेंगेवर आली होती.

मका एप्रिलमध्येच निघाला होता. शेतात फक्त तूर उभी होती, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, आणि मिचेसी डोंगरावरून जून-जुलैच्या थंडीतली भुरभुर दिवसभर खाली येत होती. फनेसीला ताप आला, उतरला, पुन्हा आला. मी तिला सायकलच्या मागे बसवून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. अंगात रक्त फार कमी आहे म्हणाले. रक्त दिलंही, पण उशीर झाला होता. जाताना ती माझी कंबर धरून बसली होती. वाटेत एका शेतात तूर तोडलेली दिसली तेव्हा म्हणाली, "कोवळी तोडली. घाई केली यांनी." त्यानंतर ती फारसं काही बोलली नाही.

मयत घरात असेपर्यंत आमच्याकडे कुणी शेतात जात नाही. खड्डा खणणारे सोडले तर विळा, कोयता, कुदळ कशालाही कुणी हात लावत नाही. बायका आत मयतीजवळ बसतात, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. फनेसीचा धाकटा भाऊ मासेमारीला चिल्वा सरोवरावर गेला होता. त्याला निरोप पोचून तो येईपर्यंत तिला ठेवावं लागलं. गाव मोठं, तिचं नातं मोठं. प्रत्येक घराने सरपण आणून टाकलं. सरपण म्हणजे तुराट्या. गेल्या वर्षीच्या तुराट्या बायकांनी घरामागे रचून ठेवल्या होत्या, पुढच्या तुरीपर्यंत पुरवायच्या होत्या. त्या सगळ्या त्या शेकोटीत गेल्या. कुणी हात आखडला नाही. तिच्या मयतीला कुणी हात आखडला असता तर मलाच वाईट वाटलं असतं.

बकऱ्या मात्र दावणीला होत्या.

हे नीट सांगायला हवं. आमच्या गावात मका निघाला की बकऱ्या मोकळ्या सोडायची जुनी रीत. पीक निघालं, आता रान सगळ्यांचं. पण तूर तेव्हा शेतातच असते, ती ऑगस्टपर्यंत उभी राहते. मोकळ्या बकऱ्या ती खाऊन टाकत. म्हणून लोकांनी तूर लावणंच सोडलं होतं. तूर नाही म्हणून तुराट्या नाहीत, तुराट्या नाहीत म्हणून बायका डोंगरावर लाकडाला जायच्या. डोंगर उघडा पडला, माती खाली आली, ओढा बुजला, ओढ्याकाठचे भाजीचे वाफे गेले. न्सिमाबरोबर, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीबरोबर, तोंडी लावायला काही उरलं नाही. तुरीचा पालापाचोळा पडत नव्हता म्हणून मक्याचं रानही उतरलं. खत घातलं तर मका, नाही तर नुसती धाटं. हे मला पूर्वी असं सलग दिसत नव्हतं. मला वाटायचं ओढा बुजला हे एक दुखणं, मका येत नाही हे दुसरं.

फनेसीला कुठून दिसलं मला माहीत नाही. ती म्हणाली, बकऱ्यांपासून सुरुवात करू. तीन-चार वर्षं ती मक्याच्या काढणीनंतर घरोघर फिरत होती. बकऱ्या बांधा, तूर निघेपर्यंत बांधा. गावाने ऐकलं. पहिल्या वर्षी निम्म्यांनी, मग सगळ्यांनी. तूर आली, तुराट्या आल्या, बायकांचा डोंगर सुटला. दोन पावसाळ्यांनंतर ओढ्यात पुन्हा पाणी टिकायला लागलं. तूर घ्यायला ट्रक येऊ लागला. ती समुद्रापलीकडच्या देशात जाते म्हणतात, तिथले लोक रोज खातात म्हणे. एक वर्ष तिकडच्या लोकांनी घेणं बंद केलं तेव्हा आम्हीच खाल्ली. फनेसी म्हणाली, ट्रक आला नाही म्हणून तूर काही कडू लागत नाही.

तर मयतीत बकऱ्या दावणीला होत्या आणि त्यांना चारा कापायला कुणी विळा उचलू शकत नव्हतं. पहिला दिवस त्यांनी काढला. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावभर बें बें सुरू झालं. आत बायका रडत होत्या आणि बाहेर ते ओरडणं. चिकोपा म्हातारा उठून बिझवेकजवळ गेला. चिकोपाच्या बकऱ्या गावात सगळ्यांत जास्त. बिझवेक हा फनेसीचा मोठा भाऊ, तिच्या घरातल्या सगळ्या बायकांचा राखणदार. लग्न असो, मयत असो, जमिनीचं असो, शब्द त्याचा.

चिकोपा म्हणाला, "पोरा, जनावरं मरतील. एका घरात दोन मयती नकोत."

बिझवेकचे डोळे सुजले होते. तो म्हणाला, "सोडा. माझ्या बहिणीच्या मयतीत मुकं जनावर उपाशी राहायला नको."

मी तिथेच बसलो होतो. मला ते बरोबर वाटलं. फनेसीही तेच म्हणाली असती असं वाटलं.

धाकटा भाऊ आला, तिला पुरलं. आमची दोन मुलं तिथेच आहेत, लहानपणीच गेलेली. त्यांच्या शेजारी तिला जागा मिळाली. मला मिळणार नाही, ते रान तिच्या घराण्याचं. पुरून परत येताना वाट शेतांतून येते. पुढे चाललेल्या बायका थांबल्या. शेंगा सगळ्या गेल्या होत्या, फांद्या मोडल्या होत्या, आणि बकऱ्या पोट फुगवून बांधावर रवंथ करत बसल्या होत्या. थोडी तूर राहिली ती ओढ्यापलीकडे सासूबाईंच्या तुकड्यात. बकऱ्या पाण्यात उतरत नाहीत.

त्या वर्षी तूर खायला नव्हती, बियाण्याला नव्हती, तुराट्याही नव्हत्या. ऑगस्टमध्ये बायका कोयते घेऊन पुन्हा डोंगरावर जाताना दिसायला लागल्या.

*

आमच्या भागात जमीन बायकांची. पुरुष लग्न करून बायकोच्या गावी येतो. घरजावई म्हणून कुणी कुणाला हसत नाही, कारण सगळेच घरजावई. येताना कुदळ घेऊन येतो, बायको गेली की कुदळ घेऊन परत जातो. मधल्या काळात तो दुखवट्यात असतो. तिच्या घरचे त्याला त्यातून मोकळं करत नाहीत तोवर मरण त्याच्या अंगावर असतं. तो दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही, बियाण्याला शिवत नाही, कुणाच्या उंबऱ्यावर बसत नाही. मग एक दिवस ठरवून केस काढतात, मक्याची दारू काढतात, त्याला मोकळं करतात, आणि तो जातो. साधारण वर्षाने हे होतं.

मला ते वर्ष हवं होतं. खरं तर त्याहून थोडं जास्त. पुढचा मका निघेल, बकऱ्या बांधायचे दिवस येतील, तूर निघेल, तोवर मी गावात असावं एवढंच माझ्या डोक्यात होतं. कारण फनेसी गेल्यावर मला कळलं की बकऱ्या काही गावाने ठरवलं म्हणून बांधलेल्या नव्हत्या. लोक तसं म्हणत. सभेत ठरलं होतं, हेही खरं. पण शेजारची नामागोवा एकदा सहज म्हणाली, की फनेसी तिच्या बकऱ्यांना आठवड्यातून दोनदा ओढ्याकाठचा चारा टाकून जायची, कारण नामागोवाचे गुडघे धरलेले. मग दुसऱ्या घरात ऐकलं की तिथे ती मीठ द्यायची. तिसरीकडे काहीच द्यायची नाही, नुसतं बसायची आणि त्या बाईच्या नवऱ्याला शिव्या घालायची, त्याने ती बाई खूश व्हायची आणि बकऱ्या बांधायची. चिकोपाकडे ती रोज जायची. मी विचारलं तर चिकोपा म्हणाला, "ती यायची, मला 'म्हाताऱ्या, जिवंत आहेस का' विचारायची, दावं ओढून बघायची आणि जायची. आता कोण बघतंय?"

एवढी वर्षं मला वाटत होतं ती पाण्याला जाते.

सप्टेंबरात मी बिझवेककडे गेलो. उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसलो. पुढची तूर निघेपर्यंत राहू द्या, म्हणालो. तो म्हणाला की एक रस्ता आहे, त्याच्या मावशीची मुलगी एडिना एकटी आहे, तिच्याशी घर मांडलं तर मी गावातच राहीन, कुणी काही बोलणार नाही. एडिना चांगली बाई आहे. मी नाही म्हणालो. मला एडिनाला तुरीसाठी बायको करायची नव्हती, ते तिलाही बरं नाही.

"मग दाजी, कशाच्या नात्याने राहणार तुम्ही?" तो म्हणाला. "बायको नसलेला जावई म्हणजे काय? दार नसलेली चौकट."

"एकच हंगाम."

"लोकांना काय सांगू?"

"बकऱ्यांसाठी राहिलाय म्हणा."

तो हसला. मयतीनंतर पहिल्यांदाच हसताना पाहिला. "बकऱ्यांसाठी," म्हणाला. "बरं. बघू. सध्या गप्प राहा. नोव्हेंबरात पाऊस पडू दे, पेरणी होऊ दे, लोक कामात विसरतील." म्हणजे त्याने मला हंगाम देऊ केला होता. मी तेवढ्यावर उठलो.

*

कालुवाबाई झोंबा शहरातल्या कॉलेजातल्या. उत्तरेकडच्या, आमची भाषा बोलताना थोड्या अडखळायच्या. शेजारच्या गावांत तूर नाही आणि आमच्याकडे आहे, हे कुणीतरी सांगितल्यावर दोन वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या होत्या. इतर साहेब लोक यायचे ते एक वस्तू घेऊन यायचे, बियाणं नाहीतर खत नाहीतर कोंबडी. या घायपाताचा एक लांब दोर घेऊन आल्या. आंब्याखाली सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकाला एक वस्तू केलं. तू पाऊस, तू मका, तू डोंगर, तू ओढा. ज्याचा ज्याच्याशी संबंध त्या दोघांमध्ये दोर न्यायचा. शेवटी कोळ्याचं जाळं झालं. मग म्हणाल्या, आता एकाने ओढायचं. ज्याच्या हाताला ओढ लागेल त्यानेही ओढायचं. बघता बघता सगळा गोल हलायला लागला.

चिकोपाला बकरी केलं होतं. तो म्हणाला, "सत्तर वर्षं बकऱ्या राखल्या, शेवटी मलाच बकरी केलं." फनेसी म्हणाली, "मग गप्प चर, माझ्याकडे बघू नकोस, मी तूर आहे." सगळे पोट धरून हसले.

बाईंचं म्हणणं असं होतं, की एका ठिकाणी सुधारायला जावं तर दुसरीकडे बिघडतं, कारण सगळं एकमेकांना बांधलेलं असतं. म्हणून चूक कुणाची हे विचारायचं नाही. कशाने काय ओढलं जातं हे बघायचं. आणि जिथे थोडंसं ओढलं तर पुष्कळ हलतं ती जागा शोधायची. तुमच्या गावाने ती शोधली, ती बकऱ्यांच्या दाव्यात होती, असं त्या म्हणाल्या. फनेसीकडे बघून नाही म्हणाल्या, सगळ्यांना म्हणाल्या. फनेसीलाही ते तसंच आवडलं.

तूर गेली त्या वर्षी ऑक्टोबरात त्या पुन्हा आल्या. फनेसी गेल्याचं त्यांना गावात आल्यावर कळलं. माझ्यासमोर जमिनीवर बसून रडल्या. मग शेतं पाहून आल्या. दुपारी दोर काढला. इतकं चांगलं चाललेलं एका आठवड्यात कसं मोडलं, हे सगळ्यांनी मिळून बघू, म्हणजे पुढच्या वेळी मोडणार नाही, असं म्हणाल्या.

लोक बसले. बिझवेकही होता. दुखवट्यातला माणूस म्हणून मी बाहेर, आंब्याच्या मुळाशी बसलो होतो. मका, तूर, बकऱ्या, सरपण, डोंगर, ओढा, ट्रक, सगळ्यांच्या हातात दोर गेला. मग बाई थांबल्या. म्हणाल्या, अजून एक गोष्ट आहे जी मागच्या वेळी आपण ठेवली नव्हती. मयत. मयतीचा दोर कोण धरेल?

कुणी हात पुढे केला नाही. बायका मातीकडे बघत राहिल्या. बाई वाट बघत उभ्या, दोराचं टोक हातात. मला ते बघवेना. ती माझ्या बायकोची मयत होती, ती अशी कुणी न धरलेली मला बघवेना. मी उठलो, गोलात गेलो आणि टोक हातात घेतलं.

चिकोपाने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. मी ते पाहिलं. पण तोवर बाई दोर घेऊन पुढे निघाल्या होत्या. माझ्याकडून बकऱ्यांना, कारण विळा बंद होता. माझ्याकडून सरपणाला, कारण तुराट्या जळल्या. सरपणाकडून डोंगराला. बकऱ्यांकडून तुरीला, तुरीकडून मक्याला, डोंगराकडून ओढ्याला. मग मला म्हणाल्या, "आता ओढा, वायसनबाबा."

मी ओढलं. हळूच ओढलं. चिकोपाचा हात हलला, त्याने ओढलं, मग तुरीचा, सरपणाचा, आणि ते फिरत फिरत सगळ्या गोलातून गेलं. मागच्या वेळी लोक हसले होते. या वेळी कुणी हसलं नाही. ओढ लागली की एकेकाचं तोंड पडत होतं. शेवटी एका पोटुशी बाईने, तिला ओढा केलं होतं, दोर असा टाकला जसा निखारा टाकतात. मग दुसरीने टाकला.

बिझवेक उभा राहिला. शांतपणे बोलला. "बाई, म्हणजे माझ्या बहिणीच्या मयतीने गाव उपाशी घातलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

बाई घाबरून म्हणाल्या की नाही, कुणाचाच दोष नाही, तेच तर दाखवायचंय, सगळ्यांनी चांगलंच केलं आणि तरी असं झालं.

"सगळ्यांनी चांगलं केलं तर वाईट कुठून आलं?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंकडे होतं. त्यांनी ते सांगितलंही, पुन्हा पुन्हा, अडखळत. मला ते समजलं. पण आमच्याकडे दोर धरून मागे मागे जायचं ते कुणाच्या तरी दारापर्यंत पोचायलाच. एखादं मूल गेलं, एखाद्या घरावर वीज पडली, तर लोक असंच मागे जातात, आणि शेवटी जो सापडतो त्याने केलेलं असतं. त्या दुपारी सगळ्यांनी दोर मागे जाताना पाहिला होता आणि त्याच्या टोकाला मी उभा होतो. दुखवट्यातला माणूस. ज्याने बियाण्याला शिवायचं नसतं, त्याने गावाच्या मक्याला, पाण्याला, पोटुशी बाईला एका दोराने स्वतःला बांधून घेतलं होतं. आणि वर ओढलं होतं.

बाईंच्या मुलखात नवरा आपल्याच जमिनीवर असतो, बायको मेली तरी त्याला कुठे जायचं नसतं. म्हणून दुखवट्याचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. त्या क्षणी मला दुसरंच काही दिसत होतं.

तो दोर संध्याकाळी बिझवेकने गावाबाहेर नेऊन जाळला.

*

आठ-दहा दिवसांत त्या पोटुशी बाईचं पोट पडलं. त्यानंतर मला कुणी काही म्हणालं नाही, आणि तेच वाईट होतं. विहिरीवर मी गेलो की बायका घागरी अर्ध्या भरून निघून जायच्या. चिकोपा तेवढा येऊन बसायचा. तो म्हणाला, "मी मान हलवली होती. तू नेहमीच बायकोचं ऐकत आलास, एकदा माझं ऐकलं असतंस तर?"

बिझवेक स्वतः आला. आधी इकडचं तिकडचं बोलला, ढगांचं, धाकट्या भावाच्या होडीचं. मग म्हणाला, "दाजी, दारूसाठी मका भिजत घातला आहे. रविवारी तुम्हाला मोकळं करतो."

"तुम्ही हंगाम म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. तेव्हा तुम्ही नुसते तुमचं मरण अंगावर घेऊन बसला होतात. आता लोकांना वाटतं त्यांच्या अंगावर आलंय. पावसाआधी तुम्ही इथून गेला नाहीत तर या वर्षी जे काही होईल ते तुमच्या नावावर जाईल. तुम्हाला मारतील हो. मी थांबवू शकणार नाही."

तो खोटं बोलत नव्हता. मी विचारलं, बकऱ्यांचं काय. तो म्हणाला, सभेत सांगतो. मी म्हणालो सभेत सांगून त्या बांधल्या जात नाहीत. कुणीतरी रोज जायला हवं, नामागोवाच्या गुडघ्यांसाठी, चिकोपाच्या दाव्यासाठी. आणि मयत झाली तर चारा कापायची मोकळीक हवी, खड्डा खणणाऱ्यांना असते तशी. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "आता हे नका बोलू. या घडीला तुमच्या तोंडून बकऱ्या हा शब्दच नको."

म्हणजे मी जे सांगेन ते माझ्यामुळेच कुणी करणार नव्हतं.

रविवारी केस काढले. सासूबाई कुडापलीकडे होत्या. जावयाने सासूसमोर जायचं नाही, सासूने जावयाशी बोलायचं नाही, ती वाटेत दिसली तर मी झुडपात शिरायचो. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड नीट पाहिलं नव्हतं. जे बोलायचं ते फनेसीमार्फत. "जावयाला सांग छप्पर गळतंय." "आईला सांग उद्या शाकारतो." दोघंही हाकेच्या अंतरावर, आणि मध्ये फनेसी इकडून तिकडे निरोप नेताना स्वतःची भर घालायची. "आई म्हणते छप्पर गळतंय आणि तुझं डोकंही."

त्या दिवशी कुडामागून काही निरोप आला नाही. आणणारं कुणी नव्हतं. ओढ्यापलीकडच्या तुकड्यातली थोडी तूर त्यांच्याकडे होती हे मला माहीत होतं, तेवढंच गावातलं बियाणं. मी विचारू शकलो नाही.

मी कुदळ सायकलला बांधली आणि गेलो.

*

माझं मूळ गाव सायकलने अर्ध्या दिवसावर. जमीन बहिणींची. त्यांनी मला घरामागे एक कोपरा दिला, कुणी वाईट वागलं नाही. त्यांच्या गावात मक्यानंतर बकऱ्या मोकळ्या असतात. मी काही बोललो नाही.

पुढच्या वर्षी जुलैत, भुरभुर चालू असताना, मी फनेसीचं थडगं झाडायला गेलो. मोकळं केलेल्या माणसाला तेवढं जाता येतं. गावाच्या वेशीपासूनच दिसलं. एका शेतात बकऱ्या, दुसऱ्या शेतात बकऱ्या. काहींनी तूर लावली होती, बहुतेक सासूबाईंच्याच बियाण्याची, तिचे खुंट उभे होते. डोंगरावर नवी पांढरी ओरखड्यासारखी वाट दिसत होती, बायकांची. ओढ्यात पाणी होतं पण गढूळ.

थडगं झाडलं. मुलांचीही झाडली. परत येताना चिकोपा दारात ऊन नसताना उन्हाला बसल्यासारखा बसला होता. त्याच्या बकऱ्या बांधलेल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या, आणि समोर चारा होता.

मी काही विचारायच्या आत म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस. माझ्यात दम नाही. तुझी सासू आणते."

"रोज?"

"रोज. चारा टाकते, दावं ओढून बघते, आणि मला विचारते जिवंत आहेस का. पोरीने विचारलं तर गंमत वाटायची. ही माझ्याच वयाची आहे. ही विचारते तेव्हा मला भीती वाटते."

सभेत बिझवेकने सांगितलं होतं, असं तो म्हणाला. दोघा-तिघांनी आठवडाभर बांधल्या. मग एक मयत झाली. मग सोडल्या. नामागोवाकडे सासूबाई पोचत नाहीत, लांब पडतं. आपल्याला जमतं तेवढं एक घर त्यांनी धरलं होतं, सगळ्यांत जास्त बकऱ्या असलेलं. ओढ्यापलीकडचा त्यांचा तुकडा पाण्यामुळे राहिला होता, आणि यामुळे अलीकडचे चिकोपाच्या घराजवळचे दोन तुकडेही वाचले होते. तिकडे तूर उभी दिसत होती, पिवळी फुलं गळून गेलेली, शेंगा भरत आलेल्या.

तीन तुकड्यांनी गावाचं काही होत नाही. तुराट्या एका शेकोटीलाही पुरणार नाहीत. कालुवाबाई असत्या तर कदाचित त्यांनी सांगितलं असतं की हे कुठून कुठे जाऊ शकतं, पण त्या नंतर आल्याच नाहीत. आल्या असत्या तर त्यांना गावात कुणी पाणी विचारलं असतं का, मला माहीत नाही.

मी चिकोपाचा विळा घेतला. ओढ्याकाठी गेलो आणि चारा कापला. भरपूर कापला, दोन-तीन दिवस पुरेल इतका. भारा बांधून ओढ्याच्या वाटेवर माणसाएवढं वारूळ आहे तिथे ठेवला. सासूबाई त्या वाटेने येतात, चिकोपाने सांगितलं होतं. त्या येताना दिसल्या, काठी टेकत, डोक्यावर लहानशी पेंढी. मी वारुळाच्या पलीकडे गेलो आणि पाठ फिरवून उभा राहिलो, रीत आहे तसा.

काठीचा आवाज वारुळाशी आला आणि थांबला. भाऱ्याला हात लावल्याचं ऐकू आलं. मग त्या बोलल्या, माझ्याशी नाही, समोरच्या हवेत, पूर्वी फनेसीला सांगायच्या त्याच आवाजात.

"जावयाला सांग, ओला चारा असा आवळून बांधू नये. आत तापतो. बकऱ्यांची पोटं फुगतात."

सांगायला मध्ये कुणी नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. त्याही उभ्या राहिल्या, वाट बघत. सवयीने वाट बघत होत्या, की तो निरोप कुणीतरी उचलून माझ्यापर्यंत आणेल आणि माझं उत्तर घेऊन जाईल.

मग मी तोंड न वळवता म्हणालो, "आईला सांग, सोडून पसरतो."

त्या पलीकडे झाडाआड गेल्या. मी भारा सोडला आणि चारा वारुळाच्या वाऱ्याकडच्या अंगाला पसरला. भुरभुर थांबली नव्हती, त्यामुळे तो काही फार वाळणार नव्हता. विळा चिकोपाकडे परत दिला. त्याने विचारलं पुन्हा कधी येणार. थडगं वर्षातून एकदाच झाडायचं असतं, मी म्हणालो. तो म्हणाला, गवत तर त्याआधीच वाढतं.

मी सायकल घेतली आणि निघालो. चढावर एकदा मागे पाहिलं. सासूबाई वाकून चारा उलटा करत होत्या, एक एक मूठ, आणि नामागोवाची एक मोकळी बकरी वरच्या बांधावरून त्यांच्याकडे बघत उभी होती.